व्यंगचित्र, वर्तमानपत्र आणि आपली श्रद्धा



मागे एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर युवक मंडळातला एक मुलगा चर्चच्या दाराशी माझी वाट पाहत थांबला होता. त्याच्या मोबाईलवर कोणीतरी प्रभू येशूचे एक व्यंगचित्र पाठवले होते. क्रुसावरच्या प्रभूची त्यात अगदी हलकी थट्टा केलेली होती. मुलाचा चेहरा लाल झाला होता. "फादर, पोलिसात तक्रार करू का? की पोरं घेऊन त्याच्या घरी जाऊ?" मी म्हणालो, "आधी बस, पाणी पी." तसा तो म्हणाला, "आपनच कायले चूप बसाचं, फादर? बाकीचे बसतात का?"

त्याच्या प्रश्नाचे पुरते उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. तो एकट्या त्याचा प्रश्न नाही, तुमच्यापैकी अनेकांच्या मनात तो असेल. म्हणून आज जरा सविस्तर विचार करू या.

१. ही गोष्ट आपल्या दारातली आहे

धर्मावरील व्यंगचित्रे म्हटले की आपल्याला डेन्मार्क आठवते. सप्टेंबर २००५ मध्ये तिथल्या एका दैनिकाने प्रेषित महंमदांवरील १२ व्यंगचित्रे छापली आणि पुढच्या वर्षी अनेक देशांत हिंसाचार उसळला. पॅरिसमध्ये ७ जानेवारी २०१५ रोजी 'शार्ली एब्दो' या साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला होऊन १२ जण मारले गेले. आपण बातम्या वाचतो आणि दूरदेशीची गोष्ट म्हणून पान उलटतो.

पण त्याच वर्षी ही गोष्ट आपल्या राज्यातही घडली. मुंबईच्या 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या संपादिका शिरीन दळवी यांनी जानेवारी २०१५ मध्ये 'शार्ली एब्दो'चे मुखपृष्ठ बातमीसोबत छापले. त्यांनी माफी मागितली, तरी त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, अटक झाली, आणि त्या दैनिकाची मुंबई आवृत्तीच बंद पडली. नंतर २९ नोव्हेंबर २०१५ रोजी, रविवारीच, आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणाऱ्या 'लोकमत'च्या पुरवणीत आयसिस या दहशतवादी संघटनेच्या पैशांविषयी लेख आला. सोबतच्या चित्रात डुकराच्या आकाराचा गल्ला होता आणि त्यावर त्या संघटनेच्या झेंड्यावरची अरबी अक्षरे होती. त्या अक्षरांत अल्लाहचे व पैगंबरांचे नाव येते. मुस्लिम बांधव दुखावले गेले. खानदेशात आणि राज्यात इतरत्रही काही ठिकाणी जमावाने कार्यालयांची तोडफोड केली. वृत्तपत्राने माफी मागितली.

आता तर छापखानाही लागत नाही, खिशातला मोबाईल पुरतो. अमरावतीत २१ जून २०२२ च्या रात्री दुकान बंद करून घरी निघालेल्या एका औषध विक्रेत्याचा गळा चिरून खून झाला. प्रेषितांविषयी वादग्रस्त बोलणाऱ्या एका राजकीय प्रवक्तीच्या समर्थनाचा मजकूर त्यांनी मोबाईलवरून पाठवला होता, हे त्याचे कारण असल्याचे राष्ट्रीय तपास यंत्रणेने म्हटले. अकोल्यात १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जुन्या शहरात दोन गट भिडले. त्यात एकाचा जीव गेला आणि संचारबंदी लागली. ज्यांनी ती रात्र दार लावून काढली, त्यांना ही गोष्ट दूरची वाटणार नाही.

२. चित्र कसे पारखावे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांची एक साधी कसोटी आम्हाला शिकवली जायची. ती घरी, बाजारात, सगळीकडे उपयोगी पडते. माणसाची कोणतीही करणी चांगली की वाईट हे ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात : त्याने प्रत्यक्ष काय केले, कोणत्या हेतूने केले आणि कोणत्या परिस्थितीत केले.

'लोकमत'च्या त्या चित्राला ही कसोटी लावून पाहू. हेतू काय होता? निरपराधांना मारणाऱ्या संघटनेकडे पैसा कुठून येतो, हे वाचकांना सांगण्याचा. हेतू चांगलाच होता आणि असे विचारणे हे वृत्तपत्राचे कामच आहे. प्रत्यक्ष काय झाले? कोट्यवधी लोकांना प्राणाहून प्रिय असलेले नाव, त्यांना निषिद्ध असलेल्या प्राण्यावर आले. यात दुष्टावा नव्हता, बेफिकिरी मात्र होती. परिस्थिती कशी होती? त्याच महिन्यात पॅरिसमध्ये मोठा दहशतवादी हल्ला झालेला, जगभर तणाव, आणि इथला सामान्य मुसलमान आधीच संशयाच्या नजरा सोसत असलेला. अशा वेळी एखाद्या मुस्लिम सहकाऱ्याला चित्र आधी दाखवले असते, तर चूक टळली असती.

आता तीच कसोटी तोडफोड करणाऱ्यांना लावा. दुःख खरे होते. पण ज्या कार्यालयावर दगड पडला तिथे ते चित्र काढणारा बसलेला नव्हता. तिथे जाहिराती घेणारा कारकून होता, बातम्या टाइप करणारा मुलगा होता. त्यांची चूक ती काय? मन कितीही दुखावले असो, निरपराधाला इजा करणे चांगले ठरत नाही. खुनाबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणजे चित्रकाराने चूक केली असेही आपण म्हणू शकतो आणि त्याच्यावर हात उचलणे हे पाप आहे असेही म्हणू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरे आहे. पहिले म्हणणारा दुसरे विसरतो आणि दुसरे म्हणणारा पहिले, म्हणून भांडण मिटत नाही.

३. कायदा काय सांगतो?

आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य याच कलमातून येते, त्यांना वेगळे कलम नाही. म्हणजे संपादकाचा हक्क तोच तुमचा-माझा हक्क. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी अशा कारणांसाठी त्यावर वाजवी बंधने घालता येतात.

धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे जुने २९५-अ हे कलम इंग्रज सरकारने १९२७ मध्ये आणले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९९ व्या कलमात तेच आले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. पण एक बाब अनेकांना माहीत नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच स्पष्ट केले की, धर्माचा कोणताही अपमान या कलमाखाली येत नाही. तो जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. अजाणता किंवा निष्काळजीपणे घडलेली चूक हा या कलमाखालचा गुन्हा नव्हे. अक्विनास यांची हेतूची कसोटी इथे न्यायालयातही भेटते.

आणखी एक सांगतो. देशात अनेक ठिकाणी प्रार्थनासभांविरुद्ध आणि पाळकांविरुद्ध 'धार्मिक भावना दुखावल्या' याच नावाने तक्रारी झाल्या आहेत. जी काठी आज आपण दुसऱ्यासाठी उगारायला सांगू, ती उद्या आपल्याच धर्मशिक्षकाच्या पाठीवर पडू शकते.

४. पवित्र शास्त्र आणि थट्टा

थट्टा पवित्र शास्त्राला परकी नाही. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याने बआलच्या पुजाऱ्यांची केलेली टिंगल वाचा (१ राजे १८). तुमचा देव झोपला असेल, प्रवासाला गेला असेल, असे तो म्हणतो. पण तो अध्याय तिथे संपत नाही. थट्टेनंतर त्या पुजाऱ्यांची कत्तल होते. आणि पुढच्याच अध्यायात जीव मुठीत घेऊन पळालेल्या एलीयाला परमेश्वर भेटतो तो वादळात नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही, तर मंद अशा वाणीत. या दोन अध्यायांच्या मध्ये न थांबता ते सलग वाचले पाहिजेत.

प्रभू येशूनेही शब्दांनी व्यंगचित्रे काढली. डोळ्यात मुसळ असताना दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शोधणारा माणूस, किंवा चिलट गाळून काढून उंट गिळणारा शास्त्री डोळ्यांसमोर आणा. हसू आल्याशिवाय राहत नाही. पण ही थट्टा कोणाची होती? धर्माच्या नावाने मोठेपणा मिरवणाऱ्यांची. आंधळ्या, कुष्ठरोगी, पापी म्हणून वाळीत टाकलेल्या माणसाची थट्टा प्रभूने कधीही केली नाही.

आपल्या वऱ्हाडाला ही रीत ठाऊक आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्नावर प्रश्न विचारत. अंधश्रद्धा, पशुहत्या, शिवाशीव, सण-समारंभासाठी काढलेले कर्ज, सगळ्यांवर हसवत हसवत कोरडे ओढत. लोक हसत आणि हसता हसता विचारात पडत. त्यांच्या हातातला झाडू आणि तोंडातली थट्टा एकाच कामाची होती. घाण काढायची, घर मोडायचे नाही.

व्यंगचित्राचे खरे काम हेच. ते सत्तेला, ढोंगाला, लुबाडणाऱ्याला टोचते. असे चित्र काढणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे स्वातंत्र्य जपले पाहिजे, टोचणी कधी आपल्याला लागली तरीही.

५. गाढवाचे डोके असलेला ख्रिस्त

आता त्या मुलाच्या मोबाईलकडे येऊ. प्रभूची थट्टा करणारे ते पहिले चित्र नव्हते. रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर १८५७ साली उत्खननात एका भिंतीवर कोरलेले चित्र सापडले. ते साधारण इसवी सन २०० च्या आसपासचे मानले जाते. चित्रात क्रुसावर एक देह आहे, त्याला गाढवाचे डोके आहे आणि खाली एक माणूस हात वर करून त्याला नमन करतो आहे. शेजारी ग्रीक भाषेत लिहिले आहे की, अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो.

विचार करा, क्रुसावरील ख्रिस्ताच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक हे कोणा भाविकाने काढलेले नाही. ते एक कुचेष्टेचे व्यंगचित्र आहे! अलेक्सामेनोस नावाच्या कोणा ख्रिस्ती माणसाला त्याच्या सोबत्यांनी असे चिडवले असावे. त्याने ते चित्र पाहिले असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल? तेच, जे आपल्या मुलाला वाटले.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी यावर काय केले? उत्तर आफ्रिकेतील तेर्तुलियन हा लेखक त्याच काळातला. ख्रिस्ती लोकांचा देव गाढवाच्या कानांचा आहे असे दाखवणारे एक चित्र कोणीतरी गावभर मिरवल्याचे तो सांगतो आणि ते पाहून आम्हाला हसू आले, असे लिहितो. मग तो बसून, आपण कोणाची भक्ती करतो ते शांतपणे समजावून सांगतो. त्याच्याकडे ना पोलीस होते ना जमाव. होती ती लेखणी. ज्यांनी थट्टा केली त्यांचे साम्राज्य गेले आणि थट्टेचा विषय झालेला क्रूस आज जगभर उभा आहे.

आणि खुद्द प्रभूचे दुःखसहन आठवा. जांभळा झगा, काट्यांचा मुकुट, हातात वेत, पुढे गुडघे टेकून खोटा मुजरा. ते शिपायांनी जिवंत माणसावर काढलेले व्यंगचित्रच होते. प्रभूने पित्याजवळ त्यांच्यासाठी क्षमा मागितली. हेही विसरू नका की, महायाजकाच्या सभेत प्रभूवर ठेवलेला आरोप देवनिंदेचा होता. स्तेफनला दगडमार झाला तोही त्याच आरोपाखाली. देवाचा अपमान झाला म्हणून माणसाला मारा, ही आरोळी आपण प्रथम ऐकली ती आरोपीच्या पिंजऱ्यातून. त्यामुळे आपल्याला ती आरोळी ठोकता येत नाही.

शोमरोनी गावाने प्रभूला जागा नाकारली तेव्हा याकोब व योहान यांनी आकाशातून अग्नी मागवू का, असे विचारले. प्रभूने त्यांना धमकावले आणि ते दुसऱ्या गावाला गेले (लूक ९). आमच्या युवक मंडळातला मुलगा याकोब-योहानाच्याच गावचा म्हणायचा!

६. आपले स्वतःचे माप

इतरांना उपदेश करण्याआधी आपला हिशेब पाहू. २००६ मध्ये 'द दा विंची कोड' चित्रपटावर बंदी घाला म्हणून आपल्यातल्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि काही राज्यांनी बंदी घातलीही. २०१२ मध्ये मुंबईत एका क्रुसावरून पाणी ठिबकू लागले. भाविकांची गर्दी झाली. सनल एडामरुकू या विवेकवादी कार्यकर्त्याने तिथे जाऊन, हे जवळच्या तुंबलेल्या निचऱ्याचे पाणी भिंतीतून वर चढत आहे, असे सांगितले. चर्चवरही त्यांनी कडक टीका केली. काही कॅथलिक मंडळींनी २९५-अ खाली तक्रारी केल्या आणि ते देश सोडून फिनलंडला गेले. मला प्रामाणिकपणे वाटते की, तिथे पोलिसाआधी प्लंबर बोलवायला हवा होता. चमत्काराची कठोर तपासणी करण्याची परंपरा तर आपल्या चर्चचीच आहे. सत्य तपासले जाण्याची भीती श्रद्धेला कशाला?

२०१९ मध्ये केरळच्या ललितकला अकादमीने एका व्यंगचित्राला पुरस्कार दिला. त्यात अत्याचाराचा आरोप असलेल्या एका बिशपांचे चित्रण होते आणि बिशपांच्या हातातील दंडाची विटंबना होती. केरळच्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सत्र न्यायालयाने त्या बिशपांना निर्दोष ठरवले. मेंढपाळाचा तो दंड आपल्याला पवित्र आहे, म्हणून हरकत नोंदवणे योग्यच. निकालाआधी कोणाला दोषी रंगवणेही बरे नाही. पण एका धर्मभगिनीची तक्रार समोर असताना आपले मन दंडासाठी जितके दुखले तितके तिच्यासाठी दुखले का? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो.

आणि स्वातंत्र्याचा लाभ आपल्यालाही झाला आहे. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा धर्मगुरू कसा चालेल म्हणून धमकीचे फोन आले. तरी जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ते अध्यक्ष म्हणून निर्भयपणे बोलले. बोलण्याचा हक्क सर्वांचा असतो, म्हणूनच तो आपल्यासारख्या अल्पसंख्याकांच्या वाट्याला येतो.

७. चर्चची शिकवण

फेब्रुवारी २००६ मध्ये डेन्मार्कच्या चित्रांवरून वाद पेटला असताना व्हॅटिकनने दोन गोष्टी सांगितल्या. अभिव्यक्तीच्या हक्कात श्रद्धावंतांच्या भावना दुखावण्याचा हक्क येत नाही. आणि त्या चित्रांविरुद्धचा हिंसाचारही तितकाच निंद्य आहे. त्याच दिवसांत तुर्कस्तानातील ट्रॅबझोन येथे फादर आंद्रेया सांतोरो यांना चर्चमध्ये गोळ्या घालण्यात आल्या आणि नायजेरियातील मैदुगुरी शहरात चर्चेस जाळून ख्रिस्ती लोकांना मारण्यात आले. चित्रे काढली कोणी आणि मेले कोण!

जानेवारी २०१५ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस विमानात पत्रकारांशी बोलताना म्हणाले होते की, माझ्या आईला शिवी दिली तर ठोसा बसेल अशी अपेक्षा ठेवावी. यावर बरीच चर्चा झाली. पण देवाच्या नावाने कोणालाही मारता येत नाही, हेही ते त्याच संवादात म्हणाले. माणूस कसा वागतो ते त्यांनी सांगितले. ख्रिस्ती माणसाने कसे वागावे, ते दुसरा गाल पुढे करण्याच्या शिकवणीत प्रभूने सांगितलेच आहे.

८. मग आपण काय करायचे?

अशी वेळ आली तर पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

पहिले, ते चित्र पुढे पाठवू नका, निषेध म्हणूनसुद्धा नाही. आपण ज्याला 'बघा काय केले' म्हणून पाठवतो, तो आणखी दहा जणांना पाठवतो. आग आपल्या हाताशी थांबू द्या.

दुसरे, एक रात्र जाऊ द्या. रागाच्या भरात लिहिलेले सकाळी पुसता येत नाही.

तिसरे, चित्रात आपल्याबद्दल काही खरे आहे का, ते तपासा. खरे असेल तर सुधारा.

चौथे, खोटे किंवा घाणेरडे असेल तर संपादकाला नावानिशी, सभ्य भाषेत पत्र लिहा. पाठवणारा ओळखीचा असेल तर एकट्याने जाऊन बोला. कोणी हिंसेला चिथावणी देत असेल तरच पोलिसांकडे जा, तेही चार जाणत्यांना विचारून.

पाचवे, शेजारच्या मुस्लिम, हिंदू, बौद्ध बांधवाच्या श्रद्धेवरचा विनोद आपल्या गटात आला तर हसून सोडू नका. आपले दुःख ज्या मापाने मोजतो त्याच मापाने त्याचेही मोजा.

तो मुलगा पुढच्या रविवारी पुन्हा भेटला. चित्र पाठवणारा त्याच्याच कॉलेजातला निघाला. हा त्याच्याकडे एकटाच गेला होता. "काय म्हणाला?" मी विचारले. "म्हणाला, मले माहीत नव्हतं तुले येवढं लागन म्हनून. त्यानं पुसून टाकलं, फादर." दर वेळी असेच होईल असे मी म्हणणार नाही. समोरचा हसेलही, आणखी एक चित्र पाठवेलही. तेव्हा अलेक्सामेनोस आठवावा आणि आपली प्रार्थना चालू ठेवावी.

चिंतनासाठी प्रश्न (लघु ख्रिस्ती समूहांसाठी)

१. लूक ९:५१-५६ वाचा. याकोब व योहान यांच्या जागी आपण कधी होतो का?
२. आपल्या मोबाईलवरील गटात दुसऱ्या धर्माची थट्टा आली तेव्हा आपण काय केले?
३. आपल्या धर्मग्रामावर कोणी व्यंगचित्र काढले, तर त्यात काय खरे असेल?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तुझी थट्टा करणाऱ्यांसाठी तू क्षमा मागितलीस. आमच्या मनातला अग्नी शांत कर. लिहिणाऱ्यांना आणि चित्र काढणाऱ्यांना सत्याचे धैर्य व माणसाची कदर दे. आमच्या अमरावती-अकोल्यात, साऱ्या वऱ्हाडात शांती नांदू दे. आमेन.

तुमचा,
फादर